समोर कोण आहे ते आधी ठरवा: रोजच्या सभ्य कोरियन बोलण्याचा सराव

प्रश्न असा आला आहे: "मी पुण्यात दीड वर्ष कोरियन शिकतेय. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची दुसरी पातळी पास झाले, हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, सहज वाचते, मालिका बघताना निम्म्याहून जास्त कळतं. आता तळेगावच्या बाजूला एका कंपनीत नोकरी लागलीय आणि शेजारच्या टेबलावर कोरियन साहेब बसतात. ते काही विचारायला लागले की माझं सगळं व्याकरण गायब होतं. परवा धीर करून 'तांगशिन' म्हणून वाक्य सुरू केलं, तर त्यांचा चेहराच बदलला. रोजचं साधं, सभ्य बोलणं सरावायचं कसं? घरी कोरियन बोलणारं कोणी नाही."

आधी त्या 'तांगशिन'बद्दल बोलू, कारण ते तुमच्या मनाला लागलेलं दिसतंय. शब्दकोशात त्याचा अर्थ 'तुम्ही' असा असतो, आणि 'तुम्ही' हा शब्द आपण मराठी माणसं दिवसातून शंभर वेळा निर्धास्तपणे वापरतो. कोरियनमध्ये मात्र तांगशिन नवरा-बायको एकमेकांना म्हणतात, गाण्यांत आणि जाहिरातींत येतो, आणि रस्त्यात दोन अनोळखी माणसांचं भांडण जुंपलं की हमखास येतो. साहेबांना तो शब्द एकदम टोचला असणार. पण परभाषेच्या माणसाकडून हे होतं, हेही त्यांना ठाऊक असतं. पुढच्या वेळी बरोबर बोललात की ते विसरून जातील.

मग 'तुम्ही'ला काय म्हणायचं? काहीच नाही. एक तर तो शब्द गाळायचा, नाहीतर त्या जागी हुद्दा घालायचा. साहेब ग्वाजांग, म्हणजे मधल्या फळीतले अधिकारी, असतील तर 'ग्वाजांगनिम', बुजांग, म्हणजे विभागप्रमुख, असतील तर 'बुजांगनिम'. शेवटचा 'निम' आदराचा. "ग्वाजांगनिम, खॉफी तुशिगेस्सॉयो?" म्हणजे सरळ, 'ग्वाजांगनिम कॉफी घेणार का?' आपणही समोरच्या बाईंना "काकू, काकू चहा घेणार ना?" असं विचारतोच. तीच रीत तिथे कायमची आहे, एवढंच.

त्याच जातीचा दुसरा खड्डा आहे 'श्शी'चा. पुस्तकात 'नावाला श्शी लावा, म्हणजे श्री-श्रीमती' असं शिकवतात. मी रांजणगावच्या एका कारखान्यात दुभाषी होते तेव्हा एका नव्या मुलाने भेटीला आलेल्या वरिष्ठांना "किम श्शी" अशी हाक मारली. खोलीत सगळे गप्प झाले. त्याच्या मनात 'श्रीयुत किम' होतं. पण नुसत्या आडनावाला श्शी लावलं की ती हाताखालच्या माणसाला मारलेली हाक होते, आणि पूर्ण नावाला लावलं तरी ती बरोबरीच्या माणसासाठीच ठीक. वरच्या माणसाला हुद्दा आणि निम, दुसरा पर्याय नाही. त्या मुलाची चूक व्याकरणाची नव्हतीच. वाक्य शुद्ध होतं, माणूस चुकला होता.

तुमचंही तेच होतंय, म्हणून जरा खोलात जाते.

टोपिकच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या पातळीच्या परीक्षेत, १०० मिनिटांत ७० प्रश्न असतात: ३० ऐकण्याचे, ४० वाचण्याचे. सगळे पर्याय निवडायचे. २०० पैकी १४० गुण मिळाले की दुसरी पातळी. त्यात एक शब्दही बोलावा लागत नाही. बोलण्याची टोपिक वेगळी आहे आणि ती २०२२च्या नोव्हेंबरात सुरू झाली. म्हणजे दीड वर्षात तुम्ही जे कमावलंय ते खरं आहे, पण ते कानाचं आणि डोळ्यांचं आहे. तोंडाची तालीम झालेलीच नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

आता माझ्या मते जी मुख्य गोष्ट आहे ती. मराठीत आदर वाक्यात कुठे राहतो, ते तपासून बघा. 'तू बस', 'तुम्ही बसा'. 'दादा आला', 'बाबा आले'. आदर द्यायचा माणूस वाक्यात असेल तरच आपलं क्रियापद बदलतं. बाहेर पाऊस सुरू झाला, तर तो मैत्रिणीला सांगा, सासूबाईंना सांगा, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांना सांगा, वाक्य एकच: 'पाऊस पडतोय.' फार तर आधी एक 'अहो' लागेल. कोरियनमध्ये हेच मैत्रिणीला 'पी वा', शेजारणीला 'पी वायो' आणि भरल्या सभेत 'पीगा ओम्निदा'. पावसात आदर देण्यासारखं कोणी नाही, तरी क्रियापदाचं शेपूट तीन वेळा बदललं, कारण ऐकणारा बदलला. कोरियन वाक्यात ऐकणारा माणूस कायम हजर असतो, अगदी शेवटच्या अक्षरात.

म्हणून तुम्ही अडखळता. मराठी मनात आधी 'काय सांगायचं' तयार होतं. कोरियन मनात आधी 'कोणाला' ठरतं आणि वाक्य त्यानंतर येतं. हा क्रम उलटा बसला की शेवटच्या क्रियापदापाशी गाडी थांबणारच. तुमचा सगळा सराव हा क्रम बदलण्यासाठी हवा. शब्दांच्या याद्या वाढवून हे होणार नाही.

यात दोन वेगळे धागे आहेत आणि ते एकमेकांत गुंतू द्यायचे नाहीत. एक धागा ऐकणाऱ्याचा: शेवटचा 'यो' किंवा 'म्निदा'. दुसरा, ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचा: क्रियापदाच्या पोटातला 'शी'. आपलं 'बाबा आले' मधलं आदरार्थी अनेकवचन म्हणजेच हा शी, त्यामुळे तो मराठी माणसाला लवकर कळतो. मैत्रिणीला सांगायचंय की बाबा आले: "आबॉजी ओश्यॉस्सॉ." बाबांसाठी शी आहे, मैत्रिणीसाठी यो नाही. शिक्षिकेला सांगायचंय की धाकटा भाऊ आला: "तोंगसेंगी वास्सॉयो." भावासाठी शी नाही, शिक्षिकेसाठी यो आहे. ही दोन वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझ्या वर्गातल्या बहुतेक चुका या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होतात.

सगळ्यात सतावणारी चूक म्हणजे स्वतःलाच शी लावणं. साहेब विचारतात, "शिक्सा हाश्यॉस्सॉयो?", जेवलात का. उत्तरात आपण त्यांचंच क्रियापद परत फेकतो: "ने, हाश्यॉस्सॉयो." म्हणजे 'हो, मी जेवलात.' मराठीत हे कोणी म्हणणार नाही. उत्तर साधं हवं: "ने, मॉगॉस्सॉयो." आणि लगेच, "ग्वाजांगनिमुन्यो?" हे 'आणि तुम्ही?' तांगशिनची जागा भरणारा हा सगळ्यात उपयोगी शब्द आहे. त्यांचा प्रश्न तुमच्याकडे आला की शी काढून उत्तर द्यायचं, तुमचा प्रश्न त्यांच्याकडे गेला की शी घालायचा. ही देवाणघेवाण पन्नास वेळा मोठ्याने करा: झोप झाली का, कुठे निघालात, काय बघताय. झोपेला साधं क्रियापद 'जादा', मोठ्या माणसाला 'जुमुशिदा'. खाण्याला 'मॉक्ता', मोठ्यांना 'तुशिदा'. असण्याला 'इत्ता', मोठ्यांना 'केशिदा'. पूर्ण वेगळ्या शब्दांच्या अशा जोड्या रोजच्या बोलण्यात डझनभरच आहेत, पण त्या तोंडात बसलेल्या हव्यात.

आता तुमच्याकडे आधीच काय आहे ते सांगते, कारण इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत हे सापडत नाही. कोरियनमध्ये विनंती मऊ करणारा 'जोम' हा शब्द आहे. मूळ अर्थ 'थोडं'. तो म्हणजे आपला 'जरा'. 'जरा सरका', 'जरा बघता का?' यात जरा काही मोजत नाही, धार कमी करतो, आणि जोम नेमकं तेच करतो. आपण 'फोटो काढून द्या' म्हणतो, ते म्हणतात "साजिन जोम च्चिगॉ जुसेयो." काढून-द्या, शब्दाला शब्द. 'काढून द्याल का?' हवं असेल तर "च्चिगॉ जुशिगेस्सॉयो?" आपण 'खाऊन बघा' म्हणतो, ते "मॉगॉ बोसेयो" म्हणतात, मॉगॉ म्हणजे खाऊन आणि बोसेयो म्हणजे बघा. 'उकडतंय ना?' मधला 'ना' म्हणजे त्यांचा 'ज्यो': "तॉप्च्यो?" आणि खिडकीबाहेर बघून 'अरे, पाऊस आला की!' म्हणतो त्यातला नवल वाटल्याचा 'की' त्यांच्या 'नेयो'त आहे: "पीगा ओनेयो." रोजच्या गप्पा यावरच चालतात. दोन माणसं लिफ्टमध्ये भेटली की एक नेयो किंवा एक ज्यो, आणि पुढचं आपोआप.

सरावाला कोणती पातळी धरायची? पहिले सहा महिने फक्त हेयो-छे, म्हणजे यो-वाली बोली, आणि गरजेप्रमाणे शी. सर्वांशी. समवयस्काशीसुद्धा. पानमाल, म्हणजे त्यांची अरे-तुरेची बोली, ऐकून समजली पाहिजे, पण तोंडातून काढू नका. 'म्निदा'ची बोली मीटिंगमध्ये, पहिल्या ओळखीत आणि ठरलेल्या वाक्यांत लागते: काम्साहाम्निदा (धन्यवाद), ज्वेसोंगहाम्निदा (माफ करा), आल्गेस्सुम्निदा (समजलं). तेवढी वाक्यं पाठ ठेवा. आणखी एक सोय आहे. 'कायो' या एकाच रूपात 'जातो', 'जाताय?', 'चला जाऊ' आणि 'जा' हे चारही अर्थ बसतात, फक्त सूर बदलतो. सरळ खाली, वर उचललेला, लांबवलेला, ठाम. आरशासमोर रोज एकदा चारही म्हणा. सूर सपाट राहिला तर सभ्य वाक्यही कोरडं वाटतं.

घरी एकट्याने करायचा सराव असा. पाच चिठ्ठ्या करा आणि त्यांवर माणसं लिहा: साहेब, बरोबरीची सहकारी, दुकानदार, सत्तरीच्या आजी, लहान मूल. आधी चिठ्ठी उचलायची, मग विषय. विषय अगदी क्षुल्लक हवा: उकाडा, चहा, उशीर, चावी. 'उकडतंय ना?' मुलाला "तॉप्ची?", सहकारीला "तॉप्च्यो?", आजींना "तॉउशिज्यो?" आजींच्या वाक्यात शी आला, कारण उकाडा त्यांना होतोय. चिठ्ठी उचलल्यापासून वाक्य पूर्ण होईपर्यंत तीन सेकंदांहून जास्त लागले तर तेच वाक्य पुन्हा. दहा मिनिटं पुरे, पण रोज. तीन आठवड्यांत 'कोणाला' हा प्रश्न वाक्याच्या आधी यायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरा सराव मला फार प्रिय आहे आणि त्याला कोरियन माणूस लागत नाही. तुमच्या सोसायटीत दिवसभर जे सभ्य मराठी चालतं, ते कोरियनमध्ये आणा. "काय काकू, कुठे निघालात?" "जरा बाहेर." "पाऊस येईल हं." "छत्री घेतलीय." हे सगळं जसंच्या तसं तिकडे आहे. "ऑदी गासेयो?" हा कोरियातही चौकशीचा प्रश्न नसून अभिवादन आहे, आणि त्याचं उत्तर "ने, जामक्कान नागायो", म्हणजे आपलं 'हो, जरा बाहेर.' कुठे ते सांगावं लागत नाही, कोणाची अपेक्षाही नसते. "पीगा ओल क्कॉत काथायो", पाऊस येईलसं वाटतंय. माझ्या इंग्रजी माध्यमातल्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न खाजगी वाटून ते बिचकतात. मराठी घरातल्या मुलीला तो जन्मापासून ओळखीचा आहे. मालिकेतली वाक्यं तोंडपाठ करण्यापेक्षा आईच्या आणि शेजारच्या काकूंच्या पाच मिनिटांच्या बोलण्याचं कोरियन करा. कुठे अडलात ते लिहून ठेवा. तिथेच तुमची खरी उणीव असते.

मालिका सोडा असं म्हणत नाही. पण त्यात प्रेमिक, भावंडं, जुने मित्र आणि भांडणारी माणसं जास्त बोलतात, म्हणजे बहुतेक पानमाल. कान तेच उचलतो. 'वे?' (का?), 'आरास्सॉ' (कळलं), 'जिन्च्चा?' (खरंच?) हे तुमच्या जिभेवर असणार. म्हणून बघताना प्रत्येक वाक्याशेजारी कोण आणि कोणाला हे लिहा. दुकानातले, ऑफिसातले, सासू-सुनेचे प्रसंग निवडा. एक मिनिटाचा तुकडा घ्या आणि त्या पात्राच्या अर्धा शब्द मागे राहून, त्याच सुरात, मान झुकवण्यासकट म्हणा. मग स्वतःचा आवाज मुद्रित करा आणि ऐकताना फक्त वाक्यांचे शेवट ऐका. बाकी चुका आज सोडून द्या. शेवट गिळला जातोय का, यो पुसट होतोय का, एवढंच.

वाक्य सुचेनासं झालं तर एक वाट कायम मोकळी आहे. एकेका शब्दालाही यो लागतो. "ऑदी गासेयो?" "जिबेयो." घरी. "मुऑ तुशिगेस्सॉयो?" काय घेणार? "खॉफीयो." नुसतं 'खॉफी' म्हटलं तर ते पानमाल झालं. तुमचं व्याकरण गायब होतं तेव्हा शब्द आणि यो एवढं जमलं तरी तुम्ही सभ्य बोललात. आणि ऐकू आलं नाही तर 'मुऑ?' कधीही नाही, वर उचललेला "ने?" म्हणजे 'काय म्हणालात?'

हा 'ने' आपल्या कानाला बऱ्याचदा 'दे' ऐकू येतो, कारण शब्दाच्या सुरुवातीचा त्यांचा न नाकातून पूर्ण येत नाही. घाबरू नका, तुम्ही 'ने' म्हटलं तरी चालतं. पण तो भरपूर म्हणा. कोरियन गप्पांत ऐकणाऱ्याने गप्प राहायचं नसतं. या हुंकाराला त्यांच्याकडे 'मात्चांगगु' म्हणतात: "ने, ने", "आ, कुरॉसेयो?", "माजायो", "कुरॉखुन्यो". आपल्या 'हं', 'हो का', 'बरोबर', 'अस्सं होय' यांची जागा हीच. नवशिके एकाग्र होऊन नि:शब्द ऐकतात आणि समोरच्याला वाटतं, हिला काही कळत नाहीये किंवा पटत नाहीये. मुलाखतीचा एखादा कार्यक्रम लावा आणि दर वाक्यानंतर मोठ्याने योग्य हुंकार द्या. बोलण्याचा निम्मा भार इथेच हलका होतो, कारण चांगला हुंकार देणाऱ्याला लोक सांभाळून घेतात, सावकाश बोलतात.

नकार हा मात्र वेगळाच प्रांत आहे आणि त्याला वेळ द्या. सरळ 'आनियो, आन द्वेयो', म्हणजे 'नाही, जमणार नाही', हे दारावर कडी लावल्यासारखं वाटतं. त्यांची पद्धत वाक्य अर्धं सोडण्याची: "जिगुम ह्वेइ जुंगिन्देयो…" आत्ता मीटिंगमध्ये आहे, तर… पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं. "जोम ऑर्यॉउल क्कॉत काथायो", जरा अवघड वाटतंय. "कुल्सेयो…", बघू या. आपल्याकडेही 'बघू' म्हणजे बहुधा नाहीच असतं, त्यामुळे हे कळायला कठीण नाही. पण स्वतः नकार देताना आपण घाईघाईने कारणांची रांग लावतो. एक कारण, अर्धं वाक्य आणि थांबा. 'क्वेनछानायो' नीट ऐका: 'ठीक आहे' आणि 'नको, राहू द्या' हे दोन्ही त्यात आहे, आणि हात किंचित हलला तर तो 'नको'. तसंच "ऑन्जे पाप हानबॉन मॉगॉयो", कधीतरी जेवू या, हे आपल्या 'या एकदा घरी'सारखं. दिवस ठरला तर आमंत्रण, नाहीतर आपुलकी. "ने, चोआयो" म्हणा आणि तारीख विचारू नका.

वयाबद्दल. साहेब किंवा सहकारी लवकरच तुमचं वय विचारतील, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याशी कोणत्या बोलीत बोलायचं हे त्यांना ठरवायचं असतं. जन्मतःच एक वर्ष धरून दर १ जानेवारीला एक वाढवायची जुनी मोजणी होती. २८ जून २०२३पासून सरकारी आणि कायद्याच्या बहुतेक कामांत आपल्यासारखं आंतरराष्ट्रीय वयच धरतात. पण बोलण्यातला मान अजून जन्मवर्षावर चालतो, म्हणून वर्ष सांगणं सोपं. तुम्ही मोठ्या माणसाला विचारणार असाल तर 'म्यॉत साल', म्हणजे 'किती वर्षांचा', हे मुलांसाठीचं आहे. "यॉन्सेगा ऑत्तॉके द्वेसेयो?" आणि नाव विचारताना "सॉंगहामी ऑत्तॉके द्वेसेयो?" पुढे कधीतरी कोणी म्हणेल, "माल फ्यॉनहागे हासेयो." म्हणजे मोकळेपणाने बोला, आपल्या 'अहो-जाहो नको गं' सारखं. म्हणणारी व्यक्ती वयाने मोठी असेल तर "आनियो, इगे फ्यॉनहेयो", मला हेच सोयीचं वाटतं, असं म्हणून यो चालू ठेवा. अहो-जाहो सोडण्याचा प्रस्ताव मोठ्याकडून यावा आणि धाकट्याने तो दोन-तीनदा टाळावा, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

माफी आणि आभार यांत मराठी माणूस कमी पडतो, हे मी स्पष्ट सांगते. आपल्याकडे घरच्यासारख्या माणसाला 'धन्यवाद' म्हणणं परकं वाटतं. तिकडे बसमधून उतरताना, सुटे पैसे घेताना, दार धरून ठेवणाऱ्याला, सगळीकडे "काम्साहाम्निदा." मोठ्यांना 'मियान्हेयो' पुरत नाही, 'ज्वेसोंगहाम्निदा' हवं. मी सोलच्या शिन्छोन भागात शिकत असताना जेवणासह खोली देणाऱ्या एका घरात राहायचे. घरमालकीणबाईंनी एकदा सांगितलं, रात्री दार हळू लाव. मी म्हटलं, "आरास्सॉयो." यो होता, अर्थ बरोबर होता. त्या दोन दिवस माझ्याशी तुटक वागल्या. मग वरच्या मजल्यावरच्या ताईने समजावलं की ते 'कळलं, कळलं!' असं वाजलं, मोठ्यांच्या सांगण्याला "ने, आल्गेस्सुम्निदा." मी त्याच संध्याकाळी खाली जाऊन तसं म्हटलं, तेव्हा त्यांनी मला भाजलेलं रताळं दिलं. तेही दोन हातांनी घ्यायचं असतं. आपण प्रसाद घेताना उजव्या हाताखाली डावा धरतो, तसंच. हे हातांचं बोलणं तुमच्या अंगात आहे, ते ऑफिसमध्येही येऊ द्या: कागद, पेन, व्हिजिटिंग कार्ड, सगळं.

कधी कोरियाला गेलात तर खानावळीत वाढणाऱ्या बाईंना लोक 'इमो' म्हणताना ऐकाल. इमो म्हणजे आईची बहीण. भाजीवालीला 'मावशी' म्हणत वाढलेल्या आपल्याला ते ऐकून भरून येतं. मालकाला साजांगनिम, बस-टॅक्सीच्या चालकाला किसानिम, आणि काहीच कळेना तेव्हा 'जॉगियो', म्हणजे 'अहो, जरा'. 'आजुम्मा' मात्र टाळा, त्यात मान उरलेला नाही. कॅफेत "खॉफी नाओश्यॉस्सुम्निदा" असं कॉफीलाच शी लावलेलं कानावर येईल. ते गिऱ्हाइकाला जपण्याच्या भरात होतं आणि चुकीचं मानलं जातं, ते उचलू नका.

सरावाला जोडीदार हवाच असेल तर भाषा-देवाणघेवाणीच्या अ‍ॅपवर मिळतो. पण समवयस्क जोडीदार आठवड्यात पानमालवर उतरतो आणि तुमचा सराव तिथेच संपतो. पहिल्याच दिवशी सांगा, मला जोन्देन्माल, म्हणजे आदराची बोली, सरावायची आहे, "थुल्लिम्यॉन कोछ्यॉ जुसेयो", चुकलं तर दुरुस्त करा. आणि फक्त शेवट दुरुस्त करायला सांगा. सगळंच दुरुस्त व्हायला लागलं की बोलणं बंद पडतं.

निरोपाचं एक राहिलं. जाणाऱ्याला "आन्न्यॉंगही गासेयो", राहणाऱ्याला "आन्न्यॉंगही गेसेयो", हे तुम्हाला येत असेलच. पण घरातून बाहेर पडताना तिकडची मुलं म्हणतात "तान्यॉ ओगेस्सुम्निदा", आणि घरातलं मोठं माणूस निघालं की त्यांना म्हणतात "तान्यॉ ओसेयो." जाऊन येतो. जाऊन या. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझी आजी आठवली, जी कोणाला 'जातो' म्हणूच द्यायची नाही. संध्याकाळी ऑफिसमधून साहेबांच्या आधी निघायचं असेल तर "मॉन्जॉ तुरॉगा बोगेस्सुम्निदा", म्हणजे 'मी आधी निघते'.

सोमवारी असं करा. सकाळी साहेब येतील तेव्हा उभं राहून, मान किंचित झुकवून "आन्न्यॉंगहासेयो, ग्वाजांगनिम." नंतर खिडकीकडे बघून जे असेल ते, ऊन किंवा पाऊस, एका 'नेयो'त. दुपारी त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच विचारा: "शिक्सा हाश्यॉस्सॉयो?" ते हो म्हणून उलट तुम्हाला विचारतील. शी काढा आणि उत्तर द्या.